‘भरलं का?’ हे विचारून झालं, आता ‘बरोबर भरलं का?’ हेही विचारा : राज्यातल्या विद्यापीठांना खुलं पत्र

प्रति,
मा. कुलगुरू, मा. कुलसचिव आणि मा. संचालक, परीक्षा व मूल्यमापन मंडळ,
महाराष्ट्रातील सर्व सार्वजनिक विद्यापीठे

विषय : विद्यार्थ्यांच्या माहितीतल्या चुका आणि त्यांची शिक्षा विद्यार्थ्यांनाच होण्याबाबत

महोदय, महोदया,

स.न.वि.वि.

एका वर्षी मी खोटा आकडा भरला आहे. तिथूनच सुरुवात करते, म्हणजे पुढचं सगळं मी नामानिराळी राहून लिहिलंय असं कुणाला वाटायला नको.

मी एका संलग्न महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षण, ज्याला आम्ही नुसतं ‘आयशे’ म्हणतो, त्याची नोडल अधिकारी म्हणून अकरा वर्षं काम करते आहे. ‘मॅडम, तुमचा आकड्यांचाच विषय ना,’ असं प्राचार्य म्हणाले आणि काम गळ्यात पडलं. तर त्या रात्री मुदत संपायला तासभर उरला होता. तृतीय वर्ष कला शाखेतल्या इतर मागासवर्गीय मुलींची संख्या प्रवेशाच्या यादीत एक, परीक्षेच्या यादीत दुसरीच. ऑफिसला कुलूप, वरिष्ठ लिपिकांचा फोन बंद. मी आदल्या वर्षीचा आकडा काढला, त्यात दोन मिळवले आणि ‘सबमिट’ दाबलं. वर्गात मी मुलांना सांगते की अंदाज असेल तर अंदाज म्हणून लिहा, मोजणी म्हणून खपवू नका.

काही दिवसांनी प्रमाणपत्र आलं. माहिती यशस्वीरीत्या भरल्याचं. ते नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फाइलला लागलं आणि विषय संपला. अकरा वर्षांत या कामासाठी विद्यापीठातून आलेला प्रत्येक फोन ‘भरलं का?’ एवढंच विचारणारा होता. ‘बरोबर भरलंय का?’ असं कुणीही, एकदाही विचारलेलं नाही.

हे मी इतकी वर्षं चालवून घेतलं, यापुढेही घेतलं असतं. पण गेल्या महिन्यात आमच्या विद्यापीठाचं परिपत्रक आलं. ज्या विद्यार्थ्यांचा एबीसी म्हणजे अपार क्रमांक (मिळवलेले श्रेयांक ज्या ऑनलाइन खात्यात जमा होतात, त्याचा) नोंदलेला नाही, किंवा ज्यांचं विद्यापीठाकडचं नाव आधारवरच्या नावाशी जुळत नाही, त्यांचा निकाल राखून ठेवण्यात येईल. मुदत चार दिवस, त्यातला एक रविवार. खाली नेहमीचं वाक्य : ‘यात दिरंगाई झाल्यास त्याची सर्वस्वी जबाबदारी संबंधित प्राचार्यांची राहील.’ थोडक्यात, नोंद कुठेही चुकलेली असो, अडणार विद्यार्थी. हे मला मान्य नाही, आणि ते गप्प बसून अमान्य करण्याचे दिवस संपले असं वाटल्याने हे पत्र लिहिते आहे.

नावं का जुळत नाहीत, हे आपल्याला ठाऊक नसेल असं नाही. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं. आईचं नाव वेगळं. आधारवर आधी मुलाचं नाव, आडनाव शेवटी, आणि वडिलांचं नाव कधी पूर्ण, कधी नुसतं अक्षर, कधी गायबच. इंग्रजी स्पेलिंग तर विचारूच नका. ‘दीपाली’ला दोन ‘ई’ की एक ‘आय’, हे आधार केंद्रावरच्या ऑपरेटरने ठरवलं, शाळेच्या कारकुनाने वेगळं ठरवलं, आणि आमच्या प्रवेश अर्जात सायबर कॅफेवाल्याने तिसरंच. मुलीला कुणीच विचारलं नाही. लग्न होऊन पुन्हा शिकायला आलेल्या बायकांची गत याहून वाईट, कारण त्यांची दोन आडनावं दोन कागदांवर असतात आणि पोर्टलला दोघी वेगळ्या वाटतात.

आमच्याकडे स्नेहल नावाचा एक मुलगा होता. मुलगा. स्नेहल, किरण, शीतल ही नावं आपल्याकडे मुलांचीही असतात आणि मुलींचीही, हे कुणा मराठी माणसाला सांगायला नको. पण कुठल्या तरी टप्प्यावर कुणी तरी नाव पाहून ‘स्त्री’ निवडलं. पहिल्या वर्षी कुणाच्या लक्षात आलं नाही. तो पीआरएनसोबत, म्हणजे विद्यापीठाच्या कायम नोंदणी क्रमांकासोबत, प्रत्येक हॉल तिकिटासोबत, मुलगी म्हणून पुढे सरकत राहिला. शेवटच्या वर्षी एका भरतीसाठी कागदपत्रं तपासताना हे उघडं पडलं. मग अर्ज, प्रतिज्ञापत्र, बोनाफाईड, दुरुस्तीचं शुल्क, विद्यापीठात तीन खेपा. दर खेपेला वेगळी खिडकी. एका खिडकीवर त्याला सांगितलं गेलं, ‘ही चूक कॉलेजची.’ कॉलेजात आम्ही सांगितलं, ‘आमच्या जनरल रजिस्टरला बरोबर आहे, चूक विद्यापीठाची.’ दुरुस्ती झाली तोवर भरतीची तारीख गेली होती. त्या तीन वर्षांत आम्ही सर्वेक्षणात एक मुलगी जास्त आणि एक मुलगा कमी दाखवला, हे अर्थात त्याच्या दृष्टीने किरकोळच. माझ्या दृष्टीने नाही. ज्या नोंदीने त्याची संधी घालवली, तीच नोंद बेरजेत जाऊन मुलींच्या शिक्षणाच्या टक्केवारीत बसली होती. बेरजेतली चूक दिसत नाही म्हणून कुणी दुरुस्त करत नाही. माणसाची चूक दिसते, तेव्हा उशीर झालेला असतो.

आता त्या बेरजेबद्दल.

हे सर्वेक्षण २०१०-११ पासून होतं आहे. २०२१-२२ चा अहवाल जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. देशात उच्च शिक्षणात सुमारे ४.३३ कोटी विद्यार्थी आणि सकल नोंदणी प्रमाण (१८ ते २३ वयाच्या दर शंभर लोकांमागे किती विद्यार्थी) २८.४, हे त्यातले आकडे भाषणांमध्ये आपण सगळ्यांनी ऐकले. विद्यार्थिसंख्येत उत्तर प्रदेशाखालोखाल आपला क्रमांक लागतो, त्यामुळे आपण इथे काय भरतो याचा देशाच्या आकड्यावर परिणाम होतो. मी अहवाल आला की आधी तळटीपा वाचते, विषयाची खोड म्हणा. २०१९-२० च्या अहवालात हे प्रमाण २७.१ छापलं होतं. पुढच्या वर्षीच्या अहवालाबरोबर त्याच २०१९-२० साठी २५.६ सांगितलं गेलं. घोटाळा काही नव्हता. १८ ते २३ वयाच्या लोकसंख्येचा अंदाज २०११ च्या जनगणनेवरून नव्याने घेतला, आणि तसं सांगितलंही. म्हणजे छेद बदलला तर देशाला कळतं. अंश मात्र आम्ही भरतो, रात्री अकरा वाजता, दोन मिळवून. तो किती खरा आहे हे कुठल्या तळटीपेत यायचं?

अंश कसा तयार होतो, ते जरा खोलात सांगते.

‘विद्यार्थी’ कुणाला म्हणायचं इथूनच गोंधळ आहे. एटीकेटी घेऊन पुढच्या वर्गात बसलेला विद्यार्थी मोजायचा, हे ठीक. पण ज्याचं वर्ष गेलं, जो वर्गात येत नाही, फी भरत नाही, फक्त राहिलेल्या दोन पेपरांचा परीक्षा अर्ज भरतो, त्याचं काय? परीक्षा विभागाच्या यादीत तो आहे. प्रवेशाच्या यादीत नाही. माझ्या त्या मुलींच्या आकड्यातली तफावत बहुतेक यातूनच आली होती, हे मला पुढे कळलं. सर्वेक्षणाची संदर्भ तारीख वर्षानुवर्षं ३० सप्टेंबर होती. तोवर आमच्याकडे प्रवेश घेतलेली काही मुलं व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या उशिराच्या फेरीत नंबर लागला म्हणून निघून गेलेली असतात. त्यांची टी.सी. न्यायला ती दिवाळीनंतर येतात. तोवर ती दोन्हीकडे असतात. शिवाय एप्रिल २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने एकाच वेळी दोन पदव्या करायला परवानगी दिली. निर्णय चांगला आहे. पण नियमित बी.ए. करत मुक्त शिक्षणातून दुसरी पदवी घेणारी मुलगी एक की दोन? माझ्या तक्त्यात ती एक, त्या संस्थेच्या तक्त्यात एक, बेरजेत दोन.

प्रवर्गांचा घोळ याहून मोठा. तक्त्यात सर्वसाधारण, आर्थिक दुर्बल, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि इतर मागासवर्ग असे रकाने. आमच्या प्रवेश अर्जावर याशिवाय विमुक्त जाती, भटक्या जमाती ब, क आणि ड, विशेष मागास प्रवर्ग, आणि २०२४ च्या कायद्याने मराठा समाजासाठी आलेला सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग. ही मुलं कुठल्या रकान्यात टाकायची? केंद्राच्या यादीत यातल्या पुष्कळ जाती इतर मागासवर्गात आहेत, म्हणून मी त्या तिथे टाकते. शेजारच्या कॉलेजातले सहकारी राज्याची यादी वेगळी म्हणून काहींना सर्वसाधारणमध्ये टाकतात. मराठा विद्यार्थ्यांबाबत तर एकाच कॉलेजात दोन वर्षं दोन पद्धती वापरलेल्या मी पाहिल्या आहेत. मी लेखी विचारणा केली होती. उत्तर तोंडी आलं : ‘मागच्या वर्षी जसं केलं तसंच करा.’ उद्या कुणी संशोधक त्या तक्त्यावरून लिहील की अमुक जिल्ह्यात मागासवर्गीय विद्यार्थ्यांचं प्रमाण अचानक वाढलं. वाढलेलं काही नसेल. नोडल अधिकारी बदललेला असेल.

दिव्यांग विद्यार्थ्यांबद्दल थोडंच. २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले. आमच्याकडे नोंद होते ती फक्त प्रमाणपत्र जोडलेल्यांची, आणि ते जोडतात ते सवलत हवी असेल तेव्हाच. कमी ऐकू येणारी, पहिल्या बाकावर बसणारी मुलगी आमच्या नोंदीत नाही. प्रवेश अर्जावर एक साधा प्रश्न वाढवला तर ती दिसेल.

आणि सोडून गेलेली मुलं. तक्त्यात मी सांगते की या वर्षी वर्गात किती आहेत आणि किती उत्तीर्ण झाले. गेल्या वर्षीचे कोण या वर्षी आले नाहीत हे मला कुणी विचारत नाही. नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडता येतं. मग ठरवून प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडलेला मुलगा आणि ऊसतोडीला जायला लागलं म्हणून सुटलेला मुलगा, या दोघांना आपण वेगळं कसं ओळखणार आहोत? आज दोघांची नोंद एकच आहे, म्हणजे नाही.

एकच माहिती किती ठिकाणी जाते ते एकदा मोजा. आयशे, एनआयआरएफची राष्ट्रीय क्रमवारी, नॅकचा वार्षिक गुणवत्ता अहवाल, संलग्नीकरणाचा प्रस्ताव, सहसंचालक कार्यालयाला कार्यभारासाठी, शिष्यवृत्तीचं महाडीबीटी पोर्टल. प्रत्येकाची तारीख वेगळी, ‘विद्यार्थी’ची व्याख्या वेगळी, प्रत्येक वेळी टायपिंग नव्याने. मी एकदा हौसेने आमच्याच कॉलेजचे एका वर्षाचे तीन अहवाल शेजारी ठेवून पाहिले. एकूण विद्यार्थिसंख्या तीन प्रकारची निघाली. तिन्हींवर सही त्याच प्राचार्यांची आणि शिक्का तोच.

अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठातल्या मायकल थॅडियस नावाच्या गणिताच्या प्राध्यापकाने हेच केलं होतं. २०२२ मध्ये त्याने आपल्याच विद्यापीठाने क्रमवारीसाठी दिलेले आकडे इतर उपलब्ध माहितीशी ताडून पाहिले आणि ते जुळत नसल्याचं जाहीरपणे लिहिलं. त्याच वर्षी सप्टेंबरात विद्यापीठाला काही आकडे चुकीचे असल्याचं मान्य करावं लागलं, आणि दुसऱ्या क्रमांकावरचं विद्यापीठ अठराव्यावर आलं. एवढ्या श्रीमंत विद्यापीठात हे होत असेल तर आपल्याकडे चुका होतात यात लाज वाटण्यासारखं काही नाही. लाज वाटायला हवी ती याची, की चूक शोधणं हे इथे कुणाचंच काम नाही.

एक गोष्ट मात्र रागाने लिहिते, त्याबद्दल क्षमस्व. मुदत जवळ आली की विद्यार्थ्यांच्या याद्या व्हॉट्सॲपवर फिरू लागतात. एक्सेलमध्ये नाव, जात, मोबाइल, आधार क्रमांक, जन्मतारीख. त्या ग्रुपमध्ये शंभरेक माणसं, काही कधीच निवृत्त झालेली, काही बदलून गेलेले कंत्राटी ऑपरेटर. त्यांच्या फोनमध्ये आमच्या मुलींचे नंबर आहेत. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. विद्यापीठाचा विभाग स्वतःच ‘यादी ग्रुपवर टाका’ म्हणतो तेव्हा कायदा कुणी कुणाला शिकवायचा?

आता मागण्या. पैसे लागतील अशा एक-दोनच आहेत.

पहिली मागणी आजच मान्य करण्यासारखी आहे : नाव किंवा क्रमांक जुळत नाही या कारणासाठी कुणाचाही निकाल राखून ठेवू नये. ते परिपत्रक मागे घ्यावं. निकाल लावा, गुणपत्रिका द्या, श्रेयांक दुरुस्तीनंतर जमा करा. नोंद आम्ही आणि आपण मिळून बिघडवली, ती आपण दोघांनी दुरुस्त करू.

दुसरी, दुरुस्तीची सोय वर्षभर खुली असावी, ऑनलाइन, आणि चूक विद्यार्थ्याची नसेल तर विनाशुल्क. पंधरा दिवसांत लेखी उत्तर. कुणी, कधी, काय बदललं याची नोंद राहावी. प्रवेशानंतर महिन्याभरात प्रत्येक विद्यार्थ्याला त्याची स्वतःची नोंद मराठीत दाखवून ‘हे बरोबर आहे का?’ असं विचारलं असतं, तर स्नेहल पहिल्या वर्षीच ओरडला असता.

तिसरी, प्रवेश सुरू होण्याआधी व्याख्यांचं एक परिपत्रक काढा. दोन पानं पुरतील. राज्याचा कुठला प्रवर्ग केंद्राच्या कुठल्या रकान्यात, फक्त परीक्षेला बसणारे मोजायचे की नाही, प्रवेश रद्द केलेले कधी वगळायचे. सगळ्या विद्यापीठांनी मिळून एकच काढलं तर फारच उत्तम. ‘मागच्या वर्षीसारखं’ ही व्याख्या नव्हे.

चौथी, जे आपल्याकडे आधीच आहे ते आम्हाला पुन्हा विचारू नका. पात्रता आपण तपासता, पीआरएन आपण देता, परीक्षा आपण घेता, निकाल आपला. त्यावरून तक्ता अर्धा आपणच भरून पाठवा, आम्ही तो जनरल रजिस्टरशी ताडून चुका सांगतो. टायपिंगपेक्षा तपासणी करायला आम्हाला कधीही आवडेल, आणि ती आम्हाला येतेही.

पाचवी, आकडे वर गेल्यावर खाली प्रश्न येऊ द्या. एखाद्या वर्गाची संख्या एका वर्षात एकदम वाढली किंवा निम्म्यावर आली, मुला-मुलींचं प्रमाण उलटं झालं, एखाद्या प्रवर्गाचा आकडा सलग तीन वर्षं तोच राहिला, तर संगणक हे क्षणात दाखवतो. तेवढ्या कॉलेजांना कारण विचारा. दर वर्षी काही कॉलेजं चिठ्ठ्या टाकून निवडा आणि प्रत्यक्ष येऊन रजिस्टर पाहा. येताना दोष शोधायला येऊ नका, नाही तर रजिस्टरही त्या दिवसापुरतं सुंदर होईल. जिथे आकडा मोजलेला नसून अंदाजाचा असेल, तिथे तसं लिहायला एक खूण द्या. त्या रात्री मला ती खूण मिळाली असती तर मी ती लावली असती.

सहावी खर्चाची आहे. हे काम करायला माणूस द्या. विद्यापीठात संख्याशास्त्र शिकलेला, कायम पदावरचा, ज्याला फोन केला तर उत्तर मिळेल असा एक तरी अधिकारी. अकरा महिन्यांच्या करारावरचा मुलगा पोर्टल शिकेपर्यंत त्याचा करार संपतो. कॉलेजात हे काम तासिका सांभाळून करणाऱ्याच्या कार्यभारात धरा.

आणि व्हॉट्सॲपवरच्या याद्या बंद करा. याला सातवा क्रमांकही देत नाही, उद्या सकाळी एका मेसेजने होणारं काम आहे.

माझ्या त्या खोट्या आकड्याचं सांगायचं राहिलं. गेल्या महिन्यात मी जुनी रजिस्टरं काढून त्या वर्गाची मोजणी पुन्हा केली. मी भरलेल्या आकड्यात सहा मुलींची चूक होती. दुरुस्तीची विनंती करणारा अर्ज प्राचार्यांच्या सहीने विद्यापीठाकडे पाठवला आहे. त्या वर्षाचं पोर्टल बंद झालंय, हे उत्तर येईल याची कल्पना आहे, पण ते लेखी यावं. या पत्राची प्रतही त्याच टपालाने आवक विभागात दिली. आवक क्रमांक द्यायला शिक्का सापडत नव्हता. सोमवारी या म्हणाले आहेत.

आपली,
एका संलग्न महाविद्यालयातील शिक्षिका व नोडल अधिकारी